मोठ्या मास्तरांचं कॉफीचं यंत्र

मोठे मास्तर कुठलीही वस्तू विकत घेण्याआधी तिची परीक्षा घेत. चपला घ्यायच्या तर त्या पायात घालून शंभर पावलं मोजून चालत. शंभरावं पाऊल पडे तेव्हा ते दुकानापासून बरेच लांब, एसटी स्टँडजवळ असत, आणि दुकानातला नोकर हाका मारत मागून धावत येई. छत्री घेताना दुकानदाराला वरून घागरभर पाणी ओतायला लावत आणि स्वतः छत्रीखाली उभे राहत. पालघरच्या एका दुकानदाराने त्यांना लांबून येताना पाहून भरदुपारी दुकानाच्या फळ्या लावून घेतल्या, हे मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलंय.

लग्नासाठी मुलगी बघायला गेले तेव्हाही त्यांनी काकींना नाव-गाव काही विचारलं नाही. विचारलं, "पाणी लवकर उकळायचं असेल तर काय करावं?" काकी म्हणाल्या, "लाकडं सुकी घ्यावी." त्यावर मास्तर आपल्या वडिलांना म्हणाले, "उत्तर अपुरं आहे, पण बरोबर आहे." आणि लग्न ठरलं.

मी पालघर तालुक्यातल्या माहीमला प्राथमिक शाळेत नोकरीला लागलो तेव्हा साठचं दशक नुकतंच सुरू झालं होतं. मोठे मास्तर तिथल्या हायस्कुलात विज्ञान शिकवायचे. त्यांच्या घराच्या पडवीतली खोली मी भाड्याने घेतली. गावाने त्यांना मोठे मास्तर आणि मला धाकटे मास्तर करून टाकलं. ते स्वतः मात्र मला 'भाडेकरू' म्हणत. "अहो भाडेकरू, जरा इकडे या." चारचौघांतही तसंच. घरात माणसं दोनच, मास्तर आणि काकी. एकुलती मुलगी माकुणसारला दिलेली, ती सणावाराला येई. मागे नारळाची आणि पानवेलीची वाडी होती.

मला काही सांगायचं असलं की मास्तर तोंडाने सांगत नसत. कागदावर लिहून तो माझ्या दाराला खिळ्याने अडकवत. पहिल्याच आठवड्यात मला सूचना मिळाली : 'भाडेकरूने विहिरीवर शीळ घालू नये. पाणी ढवळते.' मी विचारायला गेलो, तर त्यांनी फुलपात्रात पाणी घेऊन त्यावर शीळ घालून दाखवली. पाणी खरंच हललं. त्यांचं तोंड पाण्यापासून चार बोटांवर होतं, हे मी बोललो नाही.

कॉफीचं प्रकरण सुरू झालं ते अणुवीज केंद्रामुळे. तारापूरच्या बाजूला केंद्र व्हायचं ठरलं आणि मास्तरांची झोप उडाली. शाळेच्या पुस्तकात शेवटच्या धड्यात अर्धं पान मिळालेला अणू आता आपल्या तालुक्यात राहायला येणार, याचा त्यांना कोण आनंद! त्यांनी प्रकल्पाच्या कचेरीला शंका विचारणारी पत्रं पाठवायला सुरुवात केली. सातव्या पत्रात त्यांनी अणू फुटताना माशांना गुदगुल्या होतील का, असं विचारलं. तेव्हा तिथला एक मद्रासकडचा इंजिनिअर कंटाळला आणि त्याने उलट टपाली कळवलं की पत्रं नकोत, एका रविवारी सपत्नीक घरीच या.

मास्तर आणि काकी एसटीने बोईसरला गेले. वसाहतीतल्या त्या घरात इंजिनिअरच्या आईने त्यांच्यासाठी कॉफी केली. आपल्याकडे तेव्हा कॉफी म्हणजे डब्यातली पूड, तीही आजारपणात, जायफळ घालून. त्या बाईने बिया काढल्या, विजेच्या एका यंत्रात टाकल्या, घर्र आवाज झाला, आणि सगळं घर वासाने भरलं. इंजिनिअरने ते यंत्र परदेशातून आणलं होतं. मास्तर ताबडतोब स्वयंपाकघरात शिरले. यंत्राचा तळ बघायचा म्हणून ओट्याखाली उताणे झोपले. त्यांच्या वाट्याची कॉफी बाहेर गार होऊन गेली आणि शेवटी मोरीत ओतली गेली. काकींनी मात्र आपला पेला संपवला. सावकाश, डोळे मिटून.

परतताना एसटीत काकी म्हणाल्या, "ऐकलंत? आपल्या घरी व्हईल का ओ अशी?"

लग्नाला अठ्ठावीस वर्षं झाली होती. या अठ्ठावीस वर्षांत काकींनी नवऱ्याकडे काही मागितल्याची ही पहिली वेळ. मास्तर हे मला पुन्हा पुन्हा सांगत. ते बसमध्ये उभे राहिले म्हणे, आणि म्हणाले, "होईल. याच यंत्रावर दळलेली होईल. आणि पहिला कप मी स्वतः तुझ्या हातात देईन. तोवर थांब."

कंडक्टर म्हणाला, "मास्तर, खाली बसा."

"शब्द दिलाय, भाडेकरू," ते मला म्हणत. "शब्द दिलाय, म्हणजे आता चुकून चालायचं नाही." आणि चुकायचं नाही म्हणजे परीक्षा आली. दुसरा एखादा नवरा पुढच्या महिन्यात मुंबईहून बरंसं यंत्र घेऊन मोकळा झाला असता. मोठ्या मास्तरांना त्या कामाला सहा वर्षं लागली.

अडचणी तशा बऱ्याच होत्या. पहिली म्हणजे घरात वीज नव्हती. दुसरी म्हणजे आळीत वीज आली तेव्हाही त्यांनी ती घेतली नाही. खांब उभे राहिले, तारा ओढल्या, शेजारीपाजारी बटणं दाबून एकमेकांच्या घरात उजेड बघायला जाऊ लागले. वायरमन आमच्या दारात आला. बोईसरच्या कामावरून आलेला, हिंदी बोलणारा माणूस. मास्तरांनी त्याला ओट्यावर बसवून पाणी दिलं आणि विचारलं, "ही वीज कोळशाची आहे की अणूची?"

"बिजली है मास्टरजी. कहाँ से आई, उसने बताया नहीं."

"अणूची नसणार. अणूचं केंद्र अजून बांधून व्हायचंय. मग आम्ही थांबतो."

"और लोग तो ले रहे हैं."

"घेऊ देत. आमच्या घरात पहिल्यांदा वीज येईल ती कॉफी दळायला, आणि ती आपल्या तालुक्यातली असेल. उशाशी अणू फुटणार आणि आम्ही बाहेरगावची वीज वापरायची?"

वायरमनने माझ्याकडे पाहिलं. मी खांदे उडवले. सगळ्या आळीत दिवे आणि मधोमध आमचं एक घर कंदिलाचं, असं पुढे काही वर्षं चाललं. काकी कंदिलाच्या काचा पुसताना काहीतरी पुटपुटत, ते मला ऐकू येत नसे.

यंत्र परवडणारं हवं, ही तिसरी अडचण. परवडण्याची त्यांची व्याख्या होती : घेतल्यावर जी वस्तू बायकोला शेजारणीपासून लपवावी लागत नाही, ती परवडली. स्वस्त यंत्रं पात्याची असत. आत एक लहानसं पातं गरगर फिरे आणि बियांचे तुकडे करी. महाग यंत्रं जात्यासारखी, दोन दातेरी चकत्यांमध्ये बी भरडणारी. मास्तरांच्या मते जात्याचं उत्तम आणि पात्याचं परवडणारं, आणि या दोन गोष्टींची गाठ कुठेतरी पडतच असणार. ती गाठ शोधायला ते दर सुट्टीत मुंबईला लोहार चाळीत जाऊ लागले. मला ओझी उचलायला बरोबर नेत.

ओझं म्हणजे चिंचोक्यांची पिशवी. कॉफीच्या बिया परीक्षेत वाया घालवायच्या नाहीत, म्हणून ते भाजलेले चिंचोके घेऊन जात. चिंचोके दळले तर काहीही दळेल, हा त्यामागचा विचार. पहिल्या दुकानातल्या शेटने यंत्र लावून दिलं, मास्तरांनी मूठभर चिंचोके आत ओतले, आणि आतून जो आवाज आला त्याने समोरच्या दुकानातली माणसं रस्त्यावर आली. शेटने बटण बंद केलं.

"मास्तर, तमे माल लेने आये की परीक्षा लेने?"

"आधी परीक्षा, मग निकाल," मास्तर म्हणाले. "आता तुम्ही तिकडे टोकाला उभे राहून पावकी म्हणा. मी यंत्र चालू ठेवतो. पावकी ऐकू आली तर पास."

यंत्र चालू असताना घरात बोलणं ऐकू आलं पाहिजे, ही त्यांची आणखी एक अट. शेटला पावकीचा पाढा येत नव्हता, म्हणून तो मी म्हटला. रस्त्यावर उभं राहून, लोहार चाळीत, तोंडाशी दोन्ही हात धरून. माझी त्या वेळी लग्नासाठी बोलणी चालू होती आणि मुलीचा मामा तिथेच जवळपास कुठेतरी कामाला होता. ती बोलणी पुढे मोडली. कारण काय ते मला कधी कळलं नाही, पण मला पावकीचा संशय आहे.

परीक्षेसाठी एखाददुसरं यंत्र उसनंही मिळे. घरी वीज नाही, म्हणून ते सातपाटीच्या बंदरावरच्या बर्फाच्या कारखान्यात नेऊन लावावं लागे. तिथे चालणारी वीज बाहेरगावचीच होती. मी तसं म्हटलं तर मास्तर म्हणाले, "परीक्षेला चालते. संसाराला नाही." तर त्या कारखान्यात, बर्फाच्या लाद्या आणि पापलेटच्या टोपल्या यांच्या मधोमध, मोठे मास्तर धोतर वर खोचून चिंचोके दळत बसत. मासे भरायला आलेल्या कोळणी भोवती उभ्या राहत.

"मास्तर, ह्या चक्कीत काय करतांव तुमी?"

"कॉफी दळायच्या यंत्राची परीक्षा आहे."

"आन् हे चिंचोके कशाला?"

"कॉफीच्या जागी."

"मंग कॉफी कवा पिनार?"

"यंत्र पास झालं की."

त्यातली एक म्हातारी कोळीण मला बाजूला घेऊन म्हणाली, "याच्या बायकोला माझा निरोप सांग. म्हनावं, बाय, तू लई सोसतंस." मी तो निरोप काकींना सांगितला. काकी हसल्या नाहीत, पण पुढच्या वेळी त्यांनी म्हातारीसाठी विड्याच्या पानांची एक कवळी दिली.

सगळ्यात मोठा अपघात झाला तो अमेरिकन यंत्राचा. केंद्राच्या कामावर आलेल्या परदेशी इंजिनिअरांपैकी एक कुटुंब परत निघालं होतं आणि घरातल्या वस्तू विकत होतं. घिवलीच्या एका ओळखीच्या माणसाने बातमी आणली की त्यांत कॉफीचं यंत्र आहे, जात्याचं आहे आणि किंमत पात्याची आहे. उत्तम आणि परवडणारं यांची गाठ पडली होती. आम्ही सायकलवर जाऊन ते घेऊन आलो. दोन दिवस चालवून बघा आणि मग पैसे द्या, असं ती मडम म्हणाली होती, आणि ही अट त्या बाईच्या तोंडून आली म्हणून मास्तर तिला साक्षात सरस्वती मानू लागले.

बर्फाच्या कारखान्यात त्या दिवशी गर्दी होती. मास्तरांनी यंत्र मांडलं, हळदकुंकू लावलं, चिंचोके घातले आणि बटण दाबलं. यंत्राने अशी किंकाळी फोडली की मांजरं पळाली. एक निळी ठिणगी, जळका वास, आणि पाठोपाठ अख्ख्या कारखान्यातली वीज गेली. त्यांच्या देशातल्या विजेचा दाब आपल्या निम्मा. ते यंत्र निम्म्या दाबावर चालायला केलेलं. विज्ञानाच्या मास्तरांनी हे सोडून बाकी सगळं तपासलं होतं, अगदी वायरीची लांबीसुद्धा.

बर्फ वितळायला लागला. मालक ओरडत आला. कोळणी टोपल्या डोक्यावर घेऊन सैरावैरा. आणि त्या धुरात मोठे मास्तर उभे, चेहऱ्यावर समाधान.

"एक यंत्र बाद झालं, भाडेकरू," ते म्हणाले. "म्हणजे आपण पुढे सरकलो."

मडमला त्यांनी यंत्राची पूर्ण किंमत दिली आणि तिच्या देशातल्या विजेवर एक लहानसं व्याख्यानही दिलं.

आता मला एक गोष्ट कबूल करायला हवी. ही सहा वर्षं मास्तर समजत होते तशी गेली नाहीत.

माझी शाळा सकाळची. मी दुपारी घरी असे. मास्तर साडेपाचला येत. मास्तरांनी शब्द दिल्याला दोनेक वर्षं झाली असतील, एके दिवशी चारच्या सुमाराला स्वयंपाकघरातून खलबत्त्याचा आवाज आला. ठक, ठक, ठक. नेहमीच्या लसूण-मिरचीचा तो आवाज नव्हता. मग वास आला. मी दारात जाऊन उभा राहिलो. काकी पाटावर बसून लोखंडी खलबत्त्यात कॉफीच्या बिया कुटत होत्या.

त्या दचकल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "आलात? बसा. अर्धा कप मिलेल."

झालं होतं असं की, मुंबईच्या प्रत्येक फेरीत मास्तर अर्धा किलो ताज्या बिया आणत. न जाणो, यंत्र याच फेरीत पास झालं तर! यंत्र पास होत नसे. बिया डब्यात राहत. पुढच्या फेरीला नव्या बिया येत आणि मास्तर म्हणत, "जुन्या शिळ्या झाल्या, टाकून दे." माहीमच्या बाईला खाण्याची वस्तू टाकून दे म्हटलं तर ती काय करील? काकी नारळाची करवंटीसुद्धा टाकत नसत. त्या बिया त्यांनी वर्षभर उतरंडीच्या मडक्यात जपून ठेवल्या, आणि शेवटी एक दिवस कुटल्या.

"पन मास्तरांना सांगू नका," त्यांनी मला बजावलं. "त्यांनी पयला कप हातात द्यायचा शब्द दिलाय. मी आधीच पितंय असं कळलं तर मन मोडंल त्यांचं. तुमच्या गळ्याची शपथ."

मी शपथ घेतली आणि अर्धा कप घेतला. ती कॉफी फडक्यातून गाळलेली असे, खाली थोडा गाळ राही. तशी कॉफी मी पुढे कुठेच प्यालो नाही. रोज चार वाजता आम्ही दोघं स्वयंपाकघरात बसत असू. काकी फारसं बोलत नसत. कप धुऊन ठेवला की त्या विस्तवावर चार सुके बोंबील टाकत. भाजलेल्या बोंबलाच्या वासापुढे कॉफीचा वास कुठला टिकतो! साडेपाचला मास्तर घरात शिरत तेव्हा घर बोंबलाने भरलेलं असे. चार वर्षं हा माणूस रोज संध्याकाळी तांदळाची भाकरी आणि भाजलेला बोंबील खात होता. "आमच्या हिला बोंबलाचं भारी वेड," ते लोकांना कौतुकाने सांगत. एकदा त्यांनी मला विचारलंही, "भाडेकरू, बोंबलाने बिया नासत असतील का?" मी म्हटलं, यावर प्रयोग करावा लागेल. सुदैवाने ते विसरले.

मी हे सगळं हसत हसत सांगतोय, पण तेव्हा मला रोज भीती वाटे. हा माणूस ज्या एका कपासाठी उन्हातान्हात हिंडत होता, तो कप त्याच्या पाठीमागे रोज पिऊन होत होता, आणि त्यातला अर्धा माझ्या पोटात जात होता. मास्तर थकलेले, चिंचोक्यांची पिशवी खांद्याला लावून मुंबईहून परत येत आणि म्हणत, "या वेळीही जमलं नाही गं." काकी म्हणत, "नाय तर नाय. हात-पाय धुवा." मला त्या वेळी जमिनीत गडप व्हावंसं वाटे.

अखेर दशकाच्या अगदी शेवटी केंद्र सुरू झालं. मास्तरांनी दुसऱ्याच दिवशी वायरमनला बोलावणं धाडलं. तोच माणूस आला, आता थोडा टक्कल पडलेला. "अब तो अणू की है ना?" मास्तरांनी विचारलं. वायरमन शहाणा झाला होता. तो म्हणाला, "सौ टका अणू की, मास्टरजी. बाकी गली में मिक्स है, आप को अलग से दिया."

यंत्राचं मात्र अजून ठरत नव्हतं. ते शेवटी शेटने ठरवलं. आम्ही लोहार चाळीत दिसताच शेट स्वतः गल्ल्यावरून उठून बाहेर आला. त्याच्या हातात पात्याचं एक यंत्र होतं. आपल्याकडेच बनवलेलं, हिरव्या रंगाचं, गोल, वरून झाकण दाबलं की चालू होणारं. सगळ्यांत स्वस्त. "मास्तर, ये ले जाव. इस पे और कम करता हूँ. बस एक शर्त. फिर कभी आने का नहीं."

मास्तरांनी यंत्र हातात घेऊन उलटंपालटं करून पाहिलं. मग मला हळूच म्हणाले, "सहा वर्षांत इतकी सोपी अट कोणी घातली नव्हती."

त्या रविवारी दुपारी समारंभ झाला. हेडमास्तर आले, शेजारचे आले, वायरमन आला. माकुणसारहून मुलगी-जावई नातवाला घेऊन आले. मास्तरांनी नवं धोतर नेसलं होतं. काकींना त्यांनी पाटावर बसवलं, समोर रांगोळी काढायला लावली, आणि नवा कप-बशी ठेवली. यंत्रात ताज्या बिया घातल्या, झाकण दाबलं. घर्रर्र. त्या आवाजात कोणाचंही बोलणं ऐकू येत नव्हतं, आणि मास्तरांना त्याचं भानही नव्हतं. पूड झाली. इंजिनिअरच्या आईने लिहून पाठवलेल्या पद्धतीने त्यांनी स्वतः कॉफी केली. ओतताना बशीत थोडी सांडली.

"घे," ते म्हणाले. "शब्द दिला होता."

मी खाली मान घालून बसलो होतो. काकींनी कप घेतला नाही. त्यांचे डोळे भरून आले होते. "आधी तुमी घ्या," त्या म्हणाल्या. "सहा वर्सं झिजलांव. पयला घोट तुमचा."

मास्तर नको नको म्हणत होते, पण हेडमास्तरांनीही आग्रह धरला. मास्तरांनी एक घोट घेतला. आणि त्यांचा चेहरा असा काही वाकडा झाला की नातवाला हसू फुटलं. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. या माणसाने जन्मात कधी अशी कॉफी प्यायलीच नव्हती.

"कडू आहे," ते घाबरून म्हणाले. "काहीतरी चुकलं. यंत्र चुकलं बहुतेक. कडू आहे ही!"

त्यांचा तो केविलवाणा चेहरा बघून काकींना राहवलं नाही. त्यांना फक्त नवऱ्याला धीर द्यायचा होता. "काय चुकलं नाय ओ," त्या म्हणाल्या. "पयले चार-पाच दिवस कडूच लागते. मंग सवय व्हते."

सगळ्यांनी माना वळवून काकींकडे पाहिलं.

"तुला काय ठाऊक?" मास्तरांनी विचारलं.

काकींना खोटं बोलता येत नसे. लपवता येत होतं, पण विचारल्यावर खोटं नाही. त्यांनी सगळं सांगितलं. शिळ्या बिया, खलबत्ता, चार वर्षं, रोज चार वाजता. "तुमीच टाकून दे म्हनालांव. मला टाकवलं नाय."

मला वाटलं, आता हे यंत्र अंगणात जाणार. मास्तर तसं काही करत नव्हते. ते कप हातात धरून उभे होते. मग अगदी लहान आवाजात त्यांनी विचारलं, "एकटीच?"

काकींनी माझ्याकडे पाहिलं. मास्तरांनीही पाहिलं. कॉफीचं त्यांना काही वाटलं नव्हतं, यंत्राचंही नाही. रोज चार वाजता त्यांची बायको कोणाबरोबर तरी बसत होती आणि तिथे ते नव्हते, एवढंच त्यांना लागलं. ते त्यांच्या तोंडावर इतकं स्वच्छ दिसत होतं की मला रडू आलं. मी म्हटलं, "मास्तर, चुकलं माझं." त्यांनी कप रांगोळीशेजारी ठेवला. लोक एकेक करून उठून गेले.

तीन दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत. मी ट्रंक बांधून ठेवली. चौथ्या दिवशी दाराला खिळ्यावर कागद दिसला. खोली सोडा, असं लिहिलेलं असणार म्हणून मी तो उघडतच नव्हतो. शेवटी उघडला. त्यात लिहिलं होतं : 'भाडेकरूने दररोज चार ते साडेचार समुद्रावर फिरावयास जावे. हवा चांगली असते.'

त्याच आठवड्यात त्यांनी हेडमास्तरांना भेटून आपले शेवटचे दोन तास ड्रिलच्या मास्तरांना देऊन टाकले आणि त्यांचे सकाळचे दोन तास स्वतःकडे घेतले. त्यामुळे हायस्कुलातली मुलं पुढे दोन वर्षं सकाळच्या गारव्यात उष्णतेचे नियम शिकत होती आणि दुपारच्या उन्हात कवायत करत होती. मास्तर पावणेचारला घरी येऊ लागले. मी चपला घालून बाहेर पडलो की ते आत जात. हिरवं यंत्र कपाटात कापडाखाली गेलं होतं. काकींनी एकदा मला कारण सांगितलं, "त्याच्या आवाजान् बोलता येत नाय." बिया आता मास्तर कुटत.

मीही रोज जात राहिलो. पाऊस असला तर छत्री घेऊन, परीक्षा असल्या तर पेपरांचा गठ्ठा घेऊन. किनाऱ्यावर जाळी विणणारी माणसं माझ्याकडे बघून हसत. अर्धा कप कॉफी गेल्याचं दुःख मला होतं, खोटं कशाला बोलू.

एकदा तिसरीचे पेपर मी ओट्यावरच विसरलो. वारा सुटला होता, म्हणून अर्ध्या वाटेवरून धावत परत आलो. पेपर गोळा करायला वाकलो, तर स्वयंपाकघराची खिडकी समोरच होती. आत दोघं पाटांवर समोरासमोर बसली होती. मास्तरांनी घोट घेतला. दोन वर्षं झाली होती, तरी त्यांचं तोंड पहिल्या दिवसाइतकंच वाकडं झालं. डोळे मिटले, मान थरथरली. आणि काकी हसत होत्या. पदराचा बोळा तोंडात कोंबून, पुढे वाकून, डोळ्यांतून पाणी येईस्तोवर. मास्तरांनी डोळे उघडून त्यांच्याकडे पाहिलं, आणि लगेच दुसरा घोट घेतला.

मी चार वर्षं त्या बाईंबरोबर रोज कॉफी प्यायलो होतो. एकदाही त्यांना असं हसताना पाहिलं नव्हतं.

मी पेपर तसेच ओट्यावर सोडले आणि पायांचा आवाज न करता समुद्राकडे परत गेलो. साडेचारला येऊन पाहिलं तर तीन पेपर वाऱ्याने नेले होते. त्या तिघांना मी पास करून टाकलं.